शेऱ्याचा कोरा रकाना

मामा, तुमच्या निधनाची बातमी मीच केली. चार ओळींची. वय, गाव, मागे कोण कोण आहे, अंत्यविधी कुठे झाला. पाचवी ओळ होती, 'तीर्थपुरीजवळच्या शेती फार्मवर त्यांनी वीस वर्षे तापमानाच्या नोंदी घेतल्या.' पानावर जागा कमी पडली म्हणून ती निघाली आणि तिच्या जागी 'निवृत्त कर्मचारी' असे दोन शब्द लागले. तुम्ही असतात तर सकाळच्या एसटीने अंबडला आला असतात आणि मला जाब विचारला असता. आज कोणी आलं नाही, म्हणून मीच लिहायला बसलो आहे.

तुमचं नाव मारोती, पण फार्मवर, रस्त्यावर, एसटीत सगळे मामाच म्हणत. मीही तेच म्हणत आलो. तुमचे वडील मेंढरं राखायचे. तुम्ही सातवी झालात आणि फार्मवर लागलात. कुदळ-फावड्याच्या कामावर होतात, पण अक्षर चांगलं होतं म्हणून साहेबांनी थर्मामीटरच्या पांढऱ्या पेटीची किल्ली तुमच्याकडे दिली.

एक्याऐंशी साली आपली ओळख झाली. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी अंबडहून बातम्या पाठवायला लागलो होतो. नव्या जिल्ह्याच्या पेपरला स्वतःचं तापमान हवं होतं. औरंगाबादचं छापायला संपादकांना कमीपणा वाटत होता. कुणीतरी सांगितलं, तीर्थपुरीच्या रस्त्याला एका फार्मवर तसली पेटी आहे. मी गेलो. चार पायांवर उभी, छातीइतक्या उंचीची, चारी बाजूंनी लाकडी झरोक्यांची पेटी. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडू नये. तुम्ही श्वास रोखून दार उघडलं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला आणि आधी दशांश वाचला, मग अंश. मी कारण विचारलं. माणूस जवळ गेला की त्याच्या अंगाची उष्णता नळीला लागते, पहिल्यांदा दशांशच बदलतो, म्हणून तो आधी धरायचा, असं तुम्ही सांगितलंत. मग कमाल तापमानाच्या नळीला झटका देऊन पारा खाली आणला, दार लावलं आणि रजिस्टर उघडलं.

पहिल्याच आठवड्यात आपलं वाजलं. तुम्ही फोनवर एकोणचाळीस पूर्णांक सहा सांगितलं होतं. आमच्या पानावर 'पारा चाळिशीवर' आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर घेऊन माझ्या खोलीवर हजर. घाम पुसला नाही, पाणी घेतलं नाही.

"वरचे चार दशांश तुमी कुठून आनले?"

वाचणाऱ्याला चाळीस पटकन कळतं, असं काहीतरी मी म्हणालो.

"मंग मला कशाला इचारता? वाचनाऱ्यालाच इचारीत जा."

त्या दिवसापासून तुमच्या तोंडी माझं नाव पेपरवाले. माझ्या लग्नातही तुम्ही मामींना 'हे पेपरवाले' अशीच माझी ओळख करून दिलीत.

पुढची सतरा-अठरा वर्षं एप्रिल ते जून रोज एक फोन. "मामा, किती?" एवढंच मी विचारायचो. तुम्ही आधी वेळ सांगायचात, मग आकडा. पाऊस पडला की फोन बंद व्हायचे. आपली मैत्री म्हणजे उन्हाळ्यातली मैत्री, असं मी एकदा म्हणालो होतो. थंडीच्या नोंदी पण घेत असतो, तुमी इचारत न्हाई, असं तुम्ही सुनावलंत.

शतक संपत आलं तेव्हा जग तापतंय की नाही यावर पेपरांतून वाद चालू झाला होता. एक बाजू म्हणायची, हवा तापते आहे. दुसरी म्हणायची, थर्मामीटर तेच आहेत, पण त्यांच्याभोवती गावं वाढली, सिमेंट वाढलं, म्हणून आकडे चढले. विद्यापीठातल्या एक प्राध्यापक बाई मराठवाड्याचं मागच्या काही दशकांचं तापमान जुन्या नोंदींवरून पुन्हा उभं करत होत्या. त्यांना गावाबाहेरच्या नोंदी हव्या होत्या. मी तुमचं नाव सांगितलं. त्या फार्मवर आल्या, लिंबू सरबत प्यायल्या आणि सांगत बसल्या की थर्मामीटर नव्हते तेव्हाचं तापमान खोडातल्या कड्यांवरून आणि बर्फाच्या थरांवरून कसं काढतात. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत. मग साहेबांची परवानगी घेऊन सगळी रजिस्टरं कापडात बांधली आणि एसटीत त्यांच्या शेजारच्या सीटवर ठेवली. टपावर टाकू दिली नाहीत.

ती रजिस्टरं जाण्याआधी मी त्यातले उन्हाळ्यांचे आकडे उतरवून घेतले होते. माझ्यापुढे एक स्पष्ट चढ दिसत होता. बाईंचं काम व्हायला वर्ष लागणार होतं. मी थांबलो नाही. 'जिल्हा तापतोय' या मथळ्याखाली अर्धं पान छापलं. मधोमध तुमचा फोटो, पेटीशेजारी उभे, टोपी सरळ केलेली. लोकांनी कात्रणं काढून ठेवली. तुम्ही एवढंच म्हणालात, "लई जल्दी लिहिलं." मला ते कौतुक वाटलं.

तीन-चार महिन्यांनी बाईंचं पत्र आलं, माझ्याच पत्त्यावर. भाषा सभ्य होती, पण मुद्दा सरळ होता. दरवर्षी शरदात एक दिवस असा येतो की तुमच्या फार्मवरची दुपार एकदम थंड आणि पुढची पहाट उबदार. आजूबाजूच्या कोणत्याच ठिकाणी तसं दिसत नाही. घराच्या आत ठेवलेला थर्मामीटर असे आकडे दाखवतो. दरवर्षी तारीख वेगळी, पण वर्षातून असा दिवस एकच. निरीक्षक गैरहजर असताना घरी बसून आकडे भरत असावा, अशी शंका त्यांनी लिहिली होती. तसं असेल तर पूर्ण रजिस्टर बाजूला ठेवावं लागेल. खाली तारखांची यादी.

मी ते पत्र घेऊन आलो तेव्हा तुम्ही पेटीभोवतीचं गवत काढत होतात. यादी तुम्ही दोनदा वाचलीत. इंग्रजी महिन्यांच्या तारखा. त्यांतून तुम्हाला काही आठवेना. मी विचारलं, मामा, त्या दिवशी तुम्ही इथं होतात ना? तो प्रश्न विचारायला नको होता. अठरा वर्षांत तुमच्या घरची दोन लग्नं झाली, पण रीडिंगच्या वेळी तुम्ही फार्मवर होतात, हे मला माहीत होतं.

"झाडाचं खोड कापून कड्या वाचतात, त्याला कोनी इचारत न्हाई, तू हजर व्हता का म्हनून. मलाच इचारून राह्यले?"

विळा टाकून तुम्ही आत गेलात. मला चहा विचारला नाही. तो एकच दिवस.

त्या तारखांना ढगाळ हवा होती का, हे बघायला मी जालन्याच्या कचेरीत जाऊन जुन्या अंकांच्या बांधीव फायली काढल्या. ढग नव्हते. पण चार-पाच वर्षं चाळल्यावर एक गोष्ट दिसली. यादीतल्या प्रत्येक तारखेनंतर दोन दिवसांनी अंकच नव्हता. आमचा पेपर वर्षातून मोजक्या वेळा बंद असतो. दसऱ्याला कचेरीला सुट्टी, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. म्हणजे बाईंच्या सगळ्या तारखा दसऱ्याच्या आदल्या दिवसाच्या होत्या. खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या छपाईच्या यंत्रालाही झेंडूचा हार असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आलो. तुम्हाला नवमी एवढा शब्द सांगितला आणि तुम्ही सगळं सांगून टाकलंत, त्यात लपवण्यासारखं काही होतं असं तुम्हाला वाटलंच नव्हतं. नवमीच्या सकाळी फार्मवरची खुरपी, फवारणीचे पंप, वजनकाटा, टाइपरायटर कचेरीत पाटांवर मांडायचे. त्यांत थर्मामीटरही. तुम्ही ते मऊ कापडाने पुसायचात. कुंकू काचेला लागू नये म्हणून मागच्या लाकडी पट्टीला लावायचात. दसऱ्याच्या सकाळपर्यंत औजाराला हात लावायचा नाही. पण वाचायला हात लागत नाही. म्हणून दुपारी तुम्ही पाटासमोर उकिडवे बसून, हात मागे बांधून रीडिंग घ्यायचात आणि जसंच्या तसं लिहायचात. एकही आकडा मनाचा नव्हता. नळीने दाखवलं ते लिहिलेलं होतं. फक्त नळी कचेरीत होती.

रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. मी विचारलं, तिथे का नाही लिहिलं?

"खंडेनवमीला औजार चालवत न्हाईत, हे लिहायचं असतंय? हे कुनाला म्हाईत न्हाई?"

तुमचं म्हणणं खरं होतं. अंबड-तीर्थपुरीच्या पट्ट्यात ते सगळ्यांना माहीत होतं. बाई शहरात वाढल्या होत्या आणि त्यांच्यापुढे फक्त आकडे होते.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, आणि आपल्या सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. मी विचारलं, मामा, आणखी काय काय सगळ्यांना माहीत आहे आणि लिहिलेलं नाही? तुम्ही बोटांवर मोजत आठवायला लागलात. एका वर्षी पांढरा रंग आला नाही म्हणून पेटीला चुना दिला. एकदा नळी फुटली आणि दुसरी येईपर्यंत महिना कोरा गेला. तो तर कोराच ठेवला आहे. तुम्हाला कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस मामींनी रीडिंग घेतलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मोठ्या रेघेच्या वर किती बारीक रेघा झाल्या ते मोजून त्या घरी येऊन सांगायच्या आणि तुम्ही अंथरुणातून लिहायचात. बाईंच्या यादीत त्या पंधरा दिवसांतला एकही दिवस नव्हता.

आणि गोडाऊन. पेटीच्या मावळतीला मोठा लिंब होता. तो पाडून तिथे पत्र्याचं गोडाऊन बांधलं. दुपारी पत्रा तापतो आणि त्याची धग पेटीपर्यंत येते, तुम्ही हात धरून दाखवलंत. बांधकामाला चार उन्हाळे झाले होते. माझ्या लेखातले सगळ्यात तापलेले उन्हाळे तेच चार.

मी जे म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणालो, बाईंनी फक्त नवमीचं विचारलं आहे, तेवढंच कळवू. गोडाऊनचं लिहायची गरज नाही. वर हेही म्हणालो की त्याने तुमच्याच रजिस्टरचं नुकसान होईल. ते खोटं नव्हतं. पण मी तेव्हा तुमच्या रजिस्टरचा विचार करत नव्हतो.

तुम्ही गोडाऊनकडून माझ्याकडे वळलात.

"मला खोटा म्हनले तवा तुमी धावत आल्तात. आता खरं सांगून राह्यलो तर थांब म्हनता?"

त्या उन्हाळ्यात फोन मी करत राहिलो, पण आकडा फार्मवरचा कारकून सांगायचा. मामा कामात आहेत, एवढंच उत्तर. तुम्ही तुमचं पत्र स्वतः लिहिलंत, फुलस्केपचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी. नवमी, चुना, मामी, लिंब, गोडाऊन. गोडाऊनचं अंतर पावलांत मोजून लिहिलं होतं. शेवटी लिहिलंत की यामुळे पूर्ण रजिस्टर बाद होत असेल तर व्हावं, पण घरी बसून एकही आकडा भरलेला नाही. हे मला पुढे बाईंकडून कळलं.

तुम्ही ते कुणापासून लपवलंही नाहीत. अंबडच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात एक वकील बसायचे, जग तापतंय या कल्पनेची टिंगल करणारे. माझ्या लेखावर त्यांनी आधीच संपादकांना पत्र लिहिलं होतं. एका बाजाराच्या दिवशी मी आत शिरलो तर तुम्ही त्यांच्याच टेबलावर होतात. मला बघून वकील मोठ्याने म्हणाले की पूजेतल्या थर्मामीटरवर आमच्या पेपरनं सगळं जग तापवलं. हॉटेल हसलं. मीही हसल्यासारखं केलं. तुम्ही बशीत चहा ओतत होतात.

"वकीलसाब, एक दिस पूजेत व्हतं. बाकीचे समदे दिस भाईरच व्हतं."

"म्हणजे तापलं म्हणता?"

"तापलं न्हाई, असं म्या कवा म्हनलो? किती, ते बाई सांगतील. तुमी बी थांबा, ह्ये बी थांबतील."

'ह्ये' म्हणजे मी. माझ्याकडे न बघता का होईना, अबोला तिथे तुटला.

बाईंचं उत्तर दिवाळीनंतर आलं. इंग्रजीत होतं, म्हणून तुम्ही मला घरी बोलावलंत. मामी दारात तूर पाखडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. वर्षातला नवमीचा दिवस गाळून बाकीचं रजिस्टर धरलं होतं. ज्यांचा शेऱ्याचा रकाना अठरा वर्षं कोरा असतो त्या रजिस्टरांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, तुमचा आता भरला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. गोडाऊन कधी झालं ते कळल्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे उन्हाळे शेजारच्या नोंदींशी ताडून बघता आले. गोडाऊनचा वाटा वजा केल्यावर चढ बराच कमी होतो. संपत नाही. एका फार्मवरून याहून जास्त म्हणता येणार नाही. पण असे बरेच फार्म एकत्र केल्यावर चित्र चढाचंच दिसतं.

'संपत नाही' हे तुम्ही मला परत वाचायला लावलंत. तुमचा चेहरा तेव्हा कसा होता हे मी सांगू शकतो, पण तुम्हाला ते आवडणार नाही. तुमच्या रजिस्टरावर विश्वास ठेवला गेला होता. एवढ्यासाठी तुम्ही ते बादही करून घ्यायला तयार झाला होतात.

"उरतो ना थोडा?" तुम्ही म्हणालात. "मंग तेवढाच लिहा."

मी हो म्हणालो.

संपादकांना विचारलं. ते म्हणाले, गेल्या वर्षीच्या लेखाची दुरुस्ती कोण वाचतो? मी पुन्हा विचारलं नाही. नंतर निवडणुका आल्या, नंतर पाणीटंचाई आली; बातम्यांना कधी तोटा नसतो. खरं कारण असं की त्या लेखामुळे माझं नाव झालं होतं आणि तो वकील अजून त्याच हॉटेलात बसत होता. गोडाऊनचं कबूल केलं तर तो बाकीचंही खोटं ठरवेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुम्ही त्याच वकिलासमोर नवमीचं कबूल केलं होतं आणि तरी बाकीचे दिवस सोडले नव्हते. हे मला तेव्हाही दिसत होतं.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मी फार्मवर आलो होतो. शेवटचं रजिस्टर चाळलं. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला. 'आज रंग दिला.' 'पेटीला बैलाने अंग घासले, पाय हलला, ओळंबा लावून सरळ केला.' 'गोडाऊनचे दार दिवसभर उघडे.' 'खंडेनवमी. थर्मामीटर कचेरीत.' मी हसलो तर तुम्ही म्हणालात की आता कुणाला काय माहीत नसेल याचा भरवसा राहिला नाही.

पुढे भेटी होत राहिल्या. शेवटची या हिवाळ्यात. तुम्ही अंगणात खाटेवर होतात, आवाज खाली गेला होता. माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलंत, तीर्थपुरीच्या नव्या रस्त्याचं विचारलंत. दुरुस्तीचं विचारलं नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं, तुम्ही विसरलात. कधी वाटायचं, तुम्ही माझ्याकडून अपेक्षाच सोडली. यातलं दुसरं खरं असेल ही भीती होती, म्हणून मीही विषय काढला नाही.

दहाव्याला मामींना भेटलो. त्यांना सगळं सांगितलं, जे तुम्हाला सांगायला हवं होतं ते. त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्या म्हणाल्या, घरात मधून मधून माझा विषय निघायचा.

"म्या म्हनायची, न्हाई लिहीत आता त्ये. तर म्हनायचे, लिहील की. त्येला हेडिंग सुचत नसंल."

हेडिंग अजूनही सुचलेलं नाही, मामा. त्याच्याशिवायच लिहितो.

काही वर्षांपूर्वी या पेपरात तीर्थपुरीजवळच्या फार्मवरील नोंदींच्या आधारे 'जिल्हा तापतोय' हा लेख प्रसिद्ध झाला होता. लेखातील शेवटच्या चार उन्हाळ्यांच्या आकड्यांत पेटीशेजारी बांधलेल्या पत्र्याच्या गोडाऊनच्या उष्णतेचा वाटा होता. निरीक्षकाने तो स्वतःहून कळवला होता. लेखकाला हा वाटा लेख छापून झाल्यावर कळला आणि त्यानंतर त्याने तो वाचकांना सांगितला नाही. हा वाटा वजा केल्यावरही फार्मवरच्या तापमानात वाढ उरते. वाढ आहे. मी लिहिली होती तेवढी नाही.